हैदराबाद: आपल्या जुन्या राजधानीचं ताट

मराठवाड्यातल्या माणसाला हैदराबाद परकं वाटावं, हे मला मनापासून खटकतं. 1724 पासून 1948 पर्यंत, म्हणजे जवळपास सव्वादोनशे वर्षं, आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. पहिल्या निजामानं ज्या लढाईत आपलं स्वतंत्र बस्तान बसवलं, ती 1724 सालची लढाई बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याची. सुरुवातीची राजधानी औरंगाबादच होती. ती हैदराबादला गेली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. आमच्या आजोबांच्या पिढीचे खटले हैदराबादच्या हायकोर्टात चालले, त्यांची शाळा उर्दूत झाली, आणि ज्याला पुढे शिकायचं होतं त्यानं उस्मानिया विद्यापीठाची वाट धरली. रझाकारांचा जुलूमही याच राज्यात भोगला आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या मागे उभं राहून लढाही इथेच दिला. 17 सप्टेंबर 1948 ला मुक्ती मिळाली. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, राजधानी बदलली आणि पुढच्या पिढ्यांची तोंडं मुंबई-पुण्याकडे वळली. हे योग्यच झालं. पण त्या वळणावर एक ओळखीचं शहर मागे राहून गेलं.

आता तिकडे जाणं पुन्हा वाढलंय, ते कामाच्या निमित्तानं. लातूर, नांदेड, उदगीरची मुलं संगणकाच्या नोकऱ्यांसाठी जातात, देगलूरकडचे लोक मोठ्या दुखण्यासाठी जातात आणि माझ्यासारखे लोक धंद्यासाठी जातात. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला आमचं छोटं युनिट आहे. इंजेक्शनच्या बाटल्यांवर बसणारी ॲल्युमिनियमची सीलं आम्ही करतो आणि त्यांचं मोठं गिऱ्हाईक हैदराबादेत आहे. अजिंठा एक्स्प्रेसमध्ये रात्री बसलं, की नांदेड-निजामाबादमार्गे सकाळी आपण तेलंगणात असतो.

औषधांचा धंदा याच शहरात का एकवटला, याचं उत्तर बालानगर भागात आहे. 1961 साली केंद्र सरकारनं आयडीपीएल ही औषध कंपनी काढली आणि सोविएत मदतीनं तिचा एक मोठा कारखाना हैदराबादला उभारला. तिथे तयार झालेल्या रसायनतज्ज्ञांनी पुढे नोकऱ्या सोडून स्वतःचे कारखाने काढले. डॉ. अंजी रेड्डी हे त्यांतलं सर्वांत मोठं नाव; 1984 साली त्यांनी डॉ. रेड्डीज सुरू केली. मग लशी आल्या. 1993 मध्ये निघालेल्या शांता बायोटेक्निक्सनं 1997 मध्ये हेपॅटायटिस बीची भारतीय बनावटीची लस बाजारात आणली आणि परदेशी लस न परवडणाऱ्या सामान्य माणसाच्या आवाक्यात ती आली. शामीरपेठच्या पुढे जीनोम व्हॅलीत भारत बायोटेक आहे, कोव्हॅक्सिन तिथलीच. सार्वजनिक क्षेत्रातला एक कारखाना पुढे स्वतः आजारी पडला, तरी त्यानं अख्ख्या शहराला एक विद्या दिली. आपल्याकडे बंद पडलेल्या सरकारी कारखान्यांविषयी आपण फार घाईनं बोलतो, असं मला बालानगरच्या रस्त्यानं जाताना नेहमी वाटतं.

गिऱ्हाइकाची मीटिंग मात्र हल्ली कारखान्यात होत नाही. खरेदी विभाग पश्चिमेला गेलाय, काचेच्या इमारतींत. हायटेक सिटीतला सायबर टॉवर्स 22 नोव्हेंबर 1998 ला पंतप्रधान वाजपेयींच्या हस्ते सुरू झाला, तेव्हा आजूबाजूला माळ आणि खडक होते. आज माधापूर, गच्चीबावली, नानकरामगुडा, कोकापेट असा हा पट्टा पसरत गेलाय. 2019 मध्ये ॲमेझॉननं इथे 15,000 माणसं बसतील अशी इमारत उभी केली. 2023 च्या ऑगस्टमध्ये कोकापेटच्या सरकारी लिलावात एक एकर जमिनीला 100 कोटींच्या वर बोली लागली. मुंबईसारखी चटईक्षेत्राची ठरावीक कमाल मर्यादा इथे नाही, त्यामुळे पन्नासेक मजल्यांच्या इमारती शेजारी शेजारी उभ्या राहताना दिसतात. चीनला जाऊन आलेले व्यापारी मित्र या भागाची तुलना शेनझेनशी करतात. मला त्यात एक फरक दिसतो, तो खडकांचा. दख्खनचा हा ग्रॅनाइट अब्जावधी वर्षांचा आहे. एकावर एक तोललेले ते प्रचंड गोटे दुर्गम चेरुवू तलावाच्या काठी अजून शिल्लक आहेत आणि 2020 मध्ये झालेला तिथला केबलचा पूल त्यांच्यावरून जातो. जिथे गोटे राखले तिथे हे शहर देखणं आहे. जिथे सुरुंग लावून सपाट केले तिथे ते कुठल्याही शहरासारखं आहे.

या पश्चिम भागात बाहेरून आलेला माणूस रोज काय खातो? मॉलमधली उपाहारगृहं पाहून हे कळत नाही. त्यासाठी संध्याकाळी कोंडापूरच्या गल्लीत एखाद्या करी पॉइंटसमोर उभं राहावं. दहा बाय दहाचा गाळा, काचेमागे ओळीनं स्टीलची पातेली आणि समोर पाठीला लॅपटॉपची पिशवी लावलेल्या पोरापोरींची रांग. पप्पू म्हणजे घट्ट वरण, चारू म्हणजे चिंचेचं सार, तोंडल्याची कोरडी परतलेली भाजी, गुत्ती वंकाया म्हणजे भरली वांगी. विकणारा माणूस डाव्या हातात प्लास्टिकची पिशवी धरतो, पळीनं भाजी ओततो, पिशवीच्या तोंडाला पीळ देतो आणि दोऱ्याचे चार वेढे मारून तोडतो. थेंबही सांडत नाही, पिशवी फुग्यासारखी टणक उभी राहते. भात मात्र घरचा. खोलीत बाकी काही नसलं तरी राईस कुकर असतोच. नांदेडचा एक पोरगा मला त्या रांगेत भेटला. म्हणाला, "काका, भाकरीची आठवण येते, पण वांग्याची भाजी आईच्या जवळपास जाते."

त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे आणि त्यामागे कारण आहे. शेंगदाणा, तीळ, सुकं खोबरं, चिंच, लाल मिरची, ज्वारी: पाऊस बेताचा असलेल्या दख्खनच्या पठारावर जे पिकतं आणि टिकतं, त्यावरच दोन्हीकडची स्वयंपाकघरं उभी आहेत. हैदराबादी बघारे बैंगनच्या वाटणात दाणे, तीळ, खोबरं आणि चिंच असते. आमच्या भरल्या वांग्यातही तेच. तेलंगणातली जोन्ना रोट्टे ही आपली ज्वारीची भाकरी. त्यांची गोंगुरा ही आपली अंबाडी. ते तिची लोणच्यासारखी पचडी करतात, आपण कण्या घालून भाजी करतो आणि वर लसणाची फोडणी ओततो. सर्वपिंडी खाल्ली तर थालीपिठाची आठवण येते: तांदळाचं पीठ, हरभऱ्याची डाळ, दाणे, तीळ घालून भांड्याच्या आत थापलेली आणि बोटांनी भोकं पाडलेली. या ताटावर कुठल्याही नबाबाचा शिक्का नाही. ते शेतकऱ्याचं आहे, म्हणून मला ते बिर्याणीच्या आधी सांगावंसं वाटलं.

बिर्याणी अर्थातच आहे. सकाळी अकराला गिऱ्हाइकाकडे दर ठरवताना घासाघीस चाललेली असते आणि साडेबाराला तोच माणूस म्हणतो, "चलो साब, पहले खाना." हैदराबादची खासियत कच्च्या गोश्तची बिर्याणी. मटण शिजवून घेत नाहीत; दही, कच्ची पपई, आलं-लसूण, हिरवी मिरची, तळलेला कांदा यांत मुरवून कच्चंच हंडीच्या तळाशी घालतात. त्यावर अर्धवट शिजलेला तांदूळ, केशराचं दूध, पुदिना. झाकणाची कड कणकेनं बंद करायची, खाली आच आणि वर निखारे. तांदूळ आणि मटण एकाच क्षणी शिजले पाहिजेत आणि मध्ये झाकण उघडून पाहता येत नाही. सगळं कसब या अंदाजाचं आहे. वाढणाऱ्याचंही कसब आहे: तो हंडी ढवळत नाही, एक छोटी बशी कडेनं तळापर्यंत घालतो आणि पांढरा भात, पिवळा भात, मसाल्याचा भात, मटण असे सगळे थर एकदम उचलतो. सोबत मिरची का सालन आणि दह्याची चटणी. सिकंदराबादचं पॅरडाइज 1953 पासून आहे. आज ते फार मोठं नाव झालंय. मला स्वतःला बशीरबागचं कॅफे बहार आणि जुन्या शहरातलं शादाब जास्त आवडतं, कारण तिथे दुपारी बँकेचा शिपाई, वकील आणि लग्नाची खरेदी करायला आलेलं कुटुंब एकाच टेबलावर बसतं.

चहा हा तर या शहरातला धंद्याचा अर्धा भाग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून याझ्द, केरमानकडचे इराणी मुंबई-पुण्यात आले, त्यांतले काही पुढे हैदराबादला आले आणि चौकाचौकांत हॉटेलं निघाली. मुंबईच्या इराण्याकडचा चहा आणि हा चहा वेगळा. चहाचं पाणी तांब्याच्या हंड्यात झाकण लावून मंद आचेवर मुरत ठेवतात, दूध दुसऱ्या पातेल्यात तासन्‌तास आटवतात. कपात आधी अर्क पडतो, मग वरून दाट दूध. चारमिनारला लागून असलेल्या निमरात पहाटेच्या नमाजानंतर गर्दी सुरू होते. ओतणारा माणूस वर न पाहता एका रांगेतले कप भरत जातो आणि प्रत्येक कपाचा रंग सारखाच येतो. सोबत उस्मानिया बिस्किट, सातव्या निजामाच्या नावानं ओळखलं जाणारं, किंचित खारट, किंचित गोड. सायबर टॉवर्समध्ये बसलेला अधिकारी जे बोलत नाही, ते तो चहाच्या टेबलावर बोलतो. पेमेंट का अडकलंय, कुठला ट्रक कुठे आहे, पुढच्या तिमाहीत मागणी वाढणार की नाही, हे सगळं मला इराण्याकडेच कळलेलं आहे.

पहाटे बाहेर पडलात तर नाश्त्याला खिचडी, खिमा, खट्टा मागावा. मसूर डाळीची पिवळी, मोकळी खिचडी, त्यावर कोरडा खिमा आणि तीळ-चिंचेचा पातळ, आंबट खट्टा. शाकाहारी माणसानं काळजी करू नये. गुलझार हौजजवळ गोविंदच्या गाडीवर लोण्यातला डोसा आहे, आणि नामपल्लीकडची राम की बंडी तर मध्यरात्र उलटल्यावर चालू होते. रात्रपाळीतून सुटलेली पोरं तिथे मोटरसायकलीवर बसूनच खातात. नामपल्लीपासून जवळच मोअज्जमजाही मार्केट. हा दगडी बाजार 1935 मध्ये बांधला. त्याच्यासमोर 1953 साली सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या खानचंद रामनानींनी कराची बेकरी काढली. घर सोडावं लागलेल्या माणसानं गावाचं नाव दुकानाला दिलं आणि हैदराबादनं ते आपलं मानलं.

आपली माणसंही इथे काही कालपरवाची नाहीत. सुलतान बाजार, काचीगुडा, बरकतपुरा, इसामिया बाजार हा मराठी भाग. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्या पिढीनं निजामी अमलात मराठी शिक्षण जगवलं. विवेक वर्धिनी ही संस्था त्याच पिढीच्या धडपडीतून उभी राहिली. 1931 सालचं मराठी साहित्य संमेलन हैदराबादला झालं आणि अध्यक्ष होते ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. सेतुमाधवराव पगडी याच राज्याच्या सेवेत होते. नरहर कुरुंदकर तरुणपणी इथे शिकले. त्यांचे मामा नांदापूरकर उस्मानियात मराठी शिकवत. उस्मानियातून वंदे मातरम्‌च्या चळवळीमुळे बाहेर पडावं लागलेले पी. व्ही. नरसिंह राव नागपूरला शिकले आणि पुढे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांनी तेलुगूत नेली. काचीगुड्यातल्या एका मराठी घरी माझं जेवण ठरलेलं असतं. तिथल्या काकूंच्या ताटात पुरणपोळीबरोबर कटाची आमटी असते आणि शेजारी खट्टी दाल. त्या दोन्हींत फरक करत नाहीत. "दोन्ही घरचंच की रे," म्हणतात आणि वर तूप वाढतात.

आता हलीम. रमजानच्या महिन्यात हैदराबादला काम काढावं, असं मी धंद्यातल्या लोकांना मुद्दाम सांगतो. मीटिंगा सकाळी उरकतात आणि दुपारनंतर रस्त्याकडेला विटा-मातीच्या भट्ट्या धगधगू लागतात. भट्टीत गळ्यापर्यंत रुतवलेली तांब्याची देग. त्यात फोडलेला गहू, मटण, डाळी, आलं-लसूण, मसाला, तूप. दोन माणसं समोरासमोर उभी राहतात, हातात मुसळासारखी लांब लाकडी घोटणी, आणि आळीपाळीनं घाव घालतात. एकाचा दांडा वर तेव्हा दुसऱ्याचा खाली. बनियन घामानं भिजलेलं, दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि ताल मात्र चुकत नाही. गव्हाचा दाणा दिसेनासा होतो, मटणाचे धागे त्यात विरून जातात आणि घोटणी वर काढली की चिकट तार येते, तेव्हा उस्ताद हात वर करतो. रोजा सुटल्यावर वर तळलेला कांदा, लिंबू, कोथिंबीर, पुदिना आणि चमचाभर गरम तूप. पोटाला इतकं भक्कम आणि तरी इतकं मऊ असं दुसरं अन्न मी खाल्लेलं नाही.

हा पदार्थ आला अरबांकडून. निजामाच्या फौजेत येमेनच्या हद्रमौतमधून आलेले अरब होते, आपण त्यांना चाऊस म्हणतो. चांद्रायणगुट्ट्याजवळच्या बारकस वस्तीत त्यांचे वंशज राहतात आणि त्यांच्याकडे हलीमचं मूळ रूप, हरीस, अजून मिळतं: गहू, मटण, तूप, जवळजवळ बिनमसाल्याचं. शहरानं त्यात दख्खनचा मसाला घातला आणि हलीम झालं. चाऊस मंडळी परभणीतही आहेत, नांदेडलाही आणि आमच्या शहरातही. राज्य ज्या रस्त्यानं चालत होतं, त्याच रस्त्यानं खाणं चाललं.

हैदराबादकरांनी पुढे जे केलं, त्याचं मला फार कौतुक वाटतं. हलीम करणाऱ्यांनी संघटना केली, कृती कागदावर आणली: मटण आणि गहू यांचं प्रमाण 10 ला 4, भांडं तांब्याचं, जळण लाकडाचं, शिजवण्याचा वेळ 12 तास. 2010 मध्ये हैदराबादी हलीमला भौगोलिक मानांकन मिळालं आणि देशातल्या मांसाहारी पदार्थाला मिळालेलं ते पहिलं. डबे डाकेनं आणि कुरिअरनं देशभर जाऊ लागले. 2019 मध्ये युनेस्कोनं हैदराबादला खाद्यसंस्कृतीचं सर्जनशील शहर म्हणून निवडलं.  काचेच्या इमारती उभ्या राहत असताना या शहरानं आपल्या भट्ट्या विझू दिल्या नाहीत, त्यांची नोंद केली, त्यांना दर्जा लावला. आम्ही औषधवाले कागदपत्रांचं महत्त्व जाणतो. प्रत्येक सीलच्या खोक्याबरोबर बॅचची नोंद जावी लागते, नाही तर माल परत येतो. उस्तादाच्या हाताची चवही अशी नोंदवता येते, हे मला हलीमवाल्यांकडून समजलं.

आणि म्हणून मला आमच्या नान-कलियाचं वाईट वाटतं. तुघलकाच्या फौजेबरोबर आली असं जिच्याबद्दल सांगतात, ती ही जोडी: मोठी, पिवळसर झळाळीची तंदूरची नान आणि तर्रीदार मटणाचा कलिया. लग्नात शेकडो माणसांसाठी देगा चढतात, शहागंजच्या बाजूच्या गल्ल्यांत रोज विकली जाते, पण कृती उस्तादांच्या हातात आणि तोंडीच राहिली आहे. वेरूळ-अजिंठ्याला आलेला पाहुणा आमच्या शहरात मुक्काम करतो आणि हॉटेलातला पनीर खाऊन जातो. जुन्या राजधानीतल्या हलीमवाल्यांशी मी यावर सविस्तर बोललो आहे. नोंदी कशा ठेवल्या, प्रमाणाचा वाद कसा मिटवला, अर्जाला जोडायचे पुरावे कुठून काढले, हे सांगायची त्यांची तयारी आहे. त्यांतल्या एका वयस्क उस्तादांनी तर विचारलं, "कब लाते उनको?" रमजानच्या आधीच्या महिन्यात त्यांना सवड असते. नान-कलिया करणाऱ्या आमच्या दोन-तीन भटियारांनी यायचं कबूल केलंय. अजिंठा एक्स्प्रेसची त्यांची तिकिटं मी काढणार आहे.